मदत हवी आहे, कासवाचं पिल्लू काही खात नाहीये
आमच्याकडे रेड इअर्ड स्लायडरचं पिल्लू आहे, जेमतेम २ इंचाचं, चार दिवस झाले डोळे सुजून बंदच आहेत, आता दिलेल्या पेलेट्सना (कासवाच्या तयार खाद्याच्या गोळ्या) तोंड लावत नाही आणि कालपासून पोहताना एका बाजूला कलतंय, नाकातून बुडबुडे पण येतायत. आत्तापर्यंत नुसती सुकी कोळंबी देत होतो, व्हिटॅमिन ए कमी पडलं की डोळे सुजतात हे आत्ता कळलं, फार वाईट वाटतंय हो. कलणं म्हणजे न्यूमोनिया असेल का? हीटर लावून पाणी २८ डिग्रीवर ठेवलंय, पातळी पण कमी केलीये, बसायला दगड आणि वर साधा बल्ब आहे, यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा नाही. पुण्यात कोथरूडच्या जवळपास कासवं बघणारे व्हेट माहितीयेत का कुणाला, आमचे डॉक्टर फक्त कुत्री मांजरं बघतात. तोवर जबरदस्तीने भरवू की नको? लेक सारखी टँकपाशीच बसून आहे, प्लीज लवकर सांगा.