मदत हवी आहे: नाशिकमध्ये एएची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचे गट) ओपन मीटिंग कुठे असते? (तातडीने)

अंबडवाला
सोमवारच्या आत हवी आहे. सिडको, पाथर्डी फाटा, इंदिरानगर, फार तर मुंबई नाका. नाशिक रोड जमणार नाही. काल एका मीटिंगला गेलो तर दारातच सांगितलं, आज क्लोज्ड आहे, तुम्ही बाहेर बसा. मग तोही आत गेला नाही. त्याआधी नेटवरच्या पत्त्यावर गेलो होतो, तिथे शाळेला कुलूप. व्यसनमुक्ती केंद्रांचे पत्ते देऊ नका, ढीगभर आहेत. फक्त मीटिंग सांगा.

गोदाकाठ
'तो' कोण? आणि सोमवारी काय आहे?

अंबडवाला
मोठा भाऊ. सोमवारी फर्स्ट शिफ्टला हजर व्हायचंय, कंपनीने शेवटचं सांगितलंय.

निवांत२
मी एएत आहे. दारातला माणूस चुकला नाही. क्लोज्ड मीटिंग फक्त ज्याला स्वतःला दारूचा त्रास आहे त्याच्यासाठी. ओपनला घरचे, मित्र, कोणीही बसतं. भावाला मात्र दोन्हीकडे जाता येतं. फी नाही, अट एकच, दारू सोडायची इच्छा. नेटवरचे पत्ते जुने असतात, शाळेचा नाहीतर चर्चचा हॉल सुटला की गट दुसरीकडे जातो. एए इंडियाच्या साइटवरून हेल्पलाइनला फोन लावा आणि 'पहिल्यांदाच येतोय, कोणी गेटवर भेटेल का' असं विचारा. बहुतेक वेळा कोणीतरी येतो.

माळकरी
फोनबिन कशाला? तुळशीची माळ घाला गळ्यात. आमच्या सिन्नरकडे कितीजणांची सुटली. त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या पायाशी घातली तर उत्तम.

डोंगरवाट
काका, माळ काढून पिणारेही पाहिलेत. त्यापेक्षा इगतपुरीला पाठवा. विपश्यनेचं १० दिवसांचं शिबिर, मोबाइल बंद, मौन. माझा स्वतःचा राग गेला.

माळकरी
राग आणि दारू एक का? आणि एएत तरी काय करतात, शेवटी देवावरच सोडतात ना?

निवांत२
'आपल्याला उमगलेला ईश्वर' असं म्हणतात. आमच्या गटात नास्तिक आहेत, त्यांचं काही अडत नाही.

वॉर्डातली_ताई
तुमचं चालू द्या. अंबडवाला, भावाने शेवटची कधी घेतली? रोज घेत होता का?

अंबडवाला
रोज. सकाळपासून. परवा रात्रीपासून बंद आहे, म्हणून तर घाई, पुन्हा सुरू व्हायच्या आत न्यायचंय. हात थरथरतात, घाम येतो, झोप नाही. काल रात्री दारात कोण उभंय असं विचारत होता. बाकी ठीक.

वॉर्डातली_ताई
याला ठीक म्हणतात होय! दादा, मीटिंग राहू द्या, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. त्र्यंबक रोडला सिव्हिल आहे, कॅज्युअल्टी रात्रभर उघडी असते. रिक्षात आवरणार नसेल तर १०८ लावा. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, मग भास, बडबड, ताप. जिवावर बेततं. तिथे 'पोटात दुखतंय' सांगू नका. किती घेत होता, किती वर्षं, शेवटची कधी, सगळं खरं सांगा. लोक नेमकं तेच लपवतात आणि पेशंट भलत्याच वॉर्डात जातो. घरातल्या झोपेच्या गोळ्या देऊ नका. दारू सोडवायची पावडर जेवणात कालवून तर अजिबात नाही. त्यात डायसल्फिराम हे औषध असलं आणि त्याने वर दारू घेतली तर हृदयावर येतं.

डोंगरवाट
शिबिराचं मागे घेतो. हे माहीत नव्हतं.

जागृत_नागरिक
मुळावर घाव घाला. वॉर्डातल्या पुरेशा महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद होतं. अर्जाची पद्धत मी सविस्तर लिहितो...

गोदाकाठ
नको. त्यासाठी वेगळा धागा काढा.

जागृत_नागरिक
संबंध कसा नाही? दुकान नसतं तर हा धागा निघाला असता का? वर नाशिकला वाइन कॅपिटल म्हणून मिरवायचं!

गोदाकाठ
अंबडवाला, नेलंत का?

अंबडवाला
नेलं. ॲडमिट आहे, सलाइन आणि इंजेक्शनं चालू. रात्री फार गोंधळ घातला, आता झोपलाय. डॉक्टर म्हणाले लगेच सोडणार नाही. सोमवारचं गेलं, कंपनीला मेडिकल पाठवतो. ताई, आभार. पण माझा प्रश्न तसाच आहे. ओपन मीटिंग?

निवांत२
तो बरा होईस्तोवर तुम्ही आणि वहिनी अल-अनॉनला जाऊन या.

अंबडवाला
आम्ही दोघंही पीत नाही.

निवांत२
म्हणूनच. ती घरच्यांसाठी असते. रजेचा अर्ज, साहेबांना फोन, मीटिंगचा शोध, सगळं तुम्हीच करताय. भाऊ काय करतोय?

अंबडवाला
सल्ला नंतर. पत्ता असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

गोदाकाठ
व्यसनासाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, फुकट. मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६, तिथे वहिनींनाही बोलता येईल.

अंबडवाला
एएच्या हेल्पलाइनवरून शनिवारची ओपन मिळाली, घरापासून जवळ. डॉक्टरांनी सोडलं तर त्याला घेऊन, नाहीतर आम्ही दोघं. आत बोलायला लावतात का? वहिनी त्यालाच घाबरतेय.

निवांत२
नाही. 'मी फक्त ऐकायला आलेय' म्हणायचं. तास-दीड तास चालते, चहा असतो. शेवटी डबा फिरतो, त्यात पाहुण्यांनी काही टाकायची गरज नाही.

माळकरी
शनिवार झाला की माळेचंही बघा.