जुना बेंच व्हाइस सुटा होत नाहीये, रंग द्यायचाय. लवकर सांगा!

झटपट_राव
जुना बेंच व्हाइस (काम घट्ट धरून ठेवायचा टेबलावरचा शिकंजा) हाती लागलाय. सहा इंची जबडा, उचलताना कंबर बोलते. रंगाचे पोपडे निघालेत आणि खाली जागोजागी गंज. प्रायमर, रंग, ब्रश सगळं आणून ठेवलंय. घोडं अडलंय एकाच ठिकाणी. पुढचा जबडा निघत नाही. हॅण्डल फिरवून फिरवून दमलो, काही होत नाही. तेल घालून झालं. हातोड्याने ठोकू का? सुटा केल्याशिवाय रंग नीट बसणार नाही आणि मला हे या सुट्टीतच उरकायचंय. 'व्हिडिओ बघा' सांगू नका. बघितलेत. त्यांचे सगळे लोण्यासारखे सुटतात.

कानसकाका
हातोडा आधी खाली ठेवा. ते बीड (ओतीव लोखंड) आहे, वाकत नाही, सरळ तडकतं.
'काही होत नाही' म्हणजे काय? हॅण्डल फिरतच नाही, की हॅण्डल फिरतंय पण जबडा हलत नाही? दोन्ही आजार वेगळे आहेत. तेल कुठलं आणि कुठे घातलं? फोटो टाका.

तेलकट
ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल (एटीएफ) निम्मं निम्मं. बाजारातल्या कुठल्याही महागड्या स्प्रेपेक्षा भारी. घाला, रात्रभर सोडा, सकाळी फिरवा. दोन्ही एकजीव होत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवून घ्यायची. ॲसिटोन भडकतं, जवळपास ज्योत नको.

गंजभक्त
तेल वगैरे जुने प्रकार झाले. इलेक्ट्रोलिसिस करा. प्लास्टिकचा टब, लिटरला चहाचा चमचाभर धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जर. निगेटिव्ह व्हाइसला, पॉझिटिव्ह भंगार लोखंडी पट्टीला. मूळ लोखंडाला धक्का न लागता गंज काळा पडून सुटतो आणि रंगही सोबत निघतो.

तेलकट
@गंजभक्त त्यांचा जबडा अडकलाय, तुम्ही अख्खा व्हाइस टबात बुडवायला सांगताय. आत अडकलेल्या जागेत करंट पोचत नाही. पट्टीच्या समोर जेवढं दिसतं तेवढंच साफ होतं.

गंजभक्त
पट्टी फिरवून दुसऱ्या बाजूला लावायची. इतकं तर कळतं.
आणि नवख्यांसाठी: पट्टी स्टेनलेसची घेऊ नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. सोड्याऐवजी मीठ टाकू नका, क्लोरीन निघतो. काम उघड्यावर करा, हायड्रोजन सुटत असतो.

झटपट_राव
हॅण्डल फिरतं हो! मस्त मऊ फिरतं. तेल शिलाई मशीनचं होतं, आट्यांवर घातलं. फोटो चढत नाहीये, फाइल मोठी आहे म्हणतो. टब वगैरे नंतर बघू, आधी जबडा.

सुतारपक्षी
मऊ फिरतंय पण जबडा हलत नाही म्हणजे तुमचा क्विक-रिलीज प्रकार असणार. हॅण्डलजवळ एक खटका असतो, तो दाबला की अर्धा नट आट्यांवरून सुटतो आणि जबडा हाताने सरळ ओढता येतो. माझ्या टेबलाखाली रेकॉर्ड कंपनीचा ५२ नंबरचा व्हाइस आहे, त्यात हेच आहे. त्याच्या जबड्यांना मी आतून लाकडी फळ्या लावल्यात. फळी जबड्यापेक्षा किंचित उंच ठेवायची, म्हणजे रंध्याचं पातं लोखंडावर जात नाही. फळीचे रेषे आडवे ठेवा, उभे ठेवले तर...

कानसकाका
पक्षीराव, तुमचा सुतारकामाचा व्हाइस. त्यांचा फिटरचा दिसतोय. खटका असता तर त्यांनी सांगितला असता. (सांगितला असता ना?)
झटपट, एका ओळीत उत्तर द्या. उलटं फिरवल्यावर हॅण्डलचं डोकं आणि पुढचा जबडा यांच्यात फट पडते का?

झटपट_राव
खटका बिटका नाही. फट पडते की. तीन बोटं जातील एवढी. स्पिंडल (हॅण्डलने फिरणारा लांब स्क्रू) बाहेर येतो, जबडा तिथेच. ते तर उघडच आहे, म्हणून तर विचारतोय.

कानसकाका
हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर टबापर्यंत गेलोच नसतो.

आता नीट वाचा. नट व्हाइसच्या मागच्या, स्थिर भागात बसलेला असतो. आवळताना स्पिंडलचं जाड डोकं पुढच्या जबड्याला ढकलतं. म्हणजे बंद होणं डोक्याच्या जोरावर. उघडताना जबड्याला ओढून आणायला स्पिंडलवर, जबड्याच्या आतल्या अंगाला, काहीतरी अडवणूक लागते. बहुतेक व्हाइसमध्ये तिथे एक वॉशर, कधी त्यासोबत स्प्रिंग आणि मागे आरपार स्प्लिट पिन (टोकं वाकवून अडकवायची दुपायी पिन) असते. काहींत पिनेऐवजी कॉलर, तर काहींत स्पिंडलला कोरलेल्या खोबणीत बसणारी घोड्याच्या नालेसारखी पट्टी. ती पिन तुटली किंवा गळली की तुम्ही म्हणताय तेच होतं. आवळतो व्यवस्थित, उघडताना स्पिंडल एकटाच बाहेर.

नट किंवा आटे गेले असते तर आवळलाच नसता. तो आवळतो ना?

झटपट_राव
आवळतो एकदम घट्ट. मग आता पिन कशी टाकू, आत तर हात जात नाही.

कानसकाका
पिन आत्ता टाकायचीच नाही! तुमच्या फायद्याचं आहे हे. स्पिंडल उलटा फिरवत राहा, नटातून पूर्ण सुटेपर्यंत, आणि ओढून बाजूला ठेवा. उरला नुसता जबडा आणि त्याची सरकती बैठक, जी गंज आणि जुन्या ग्रीसने धरून ठेवलीय. व्हाइस मागून उघडा आहे का? बैठकीचं शेपूट मागून दिसतं का?

गोलमटोल
मागून उघडा नसतो. विल्टन कंपनीचे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे व्हाइस मागून बंद असतात, आत कचरा जाऊ नये म्हणून. मेकॅनिझम आत सुरक्षित. व्हाइस घ्यावा तर तसाच.

कानसकाका
तुमचा कसा आहे ते नाही, त्यांचा कसा आहे ते विचारलं.

झटपट_राव
मागून उघडा आहे. शेपूट दिसतंय, चौकोनी, खालून पोकळ. गंजून लाल.

कानसकाका
मग सोपं आहे. तेल आता आट्यांवर नको, बैठक जिथे सरकते त्या फटींत सगळ्या बाजूंनी. इथे तेलकटचं मिश्रण वापरा, त्यांचा मान राखा. रात्रभर राहू दे. सकाळी शेपटावर लाकडाचा ठोकळा आडवा धरून ठोका, लोखंडावर लोखंड नको. टोकाची कड पातळ असते, तिथे नेम लागला तर टवका उडेल, म्हणून ठोकळा सगळ्या कडांवर टेकलेला हवा. हळू आणि सारखं ठोकायचं. एक केस जरी हलला तरी परत तेल घाला आणि उलट दिशेनेही थोडा आत ढकला. पुढे-मागे करत गंजाची भुकटी बाहेर येते. नुसतं एका दिशेने रेटलं तर तीच भुकटी पाचर होऊन बसते.

रंगारी
रंगाबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो. जुन्या व्हाइसवरच्या मूळ रंगात शिसं असण्याची शक्यता असते. कोरड्या पॉलिश पेपरने किंवा ग्राइंडरवरच्या वायर व्हीलने घासून धूळ उडवू नका, नाकातोंडात जाते. रंग काढायचं रिमूव्हर लावा, खरवडा, उरलेलं पाण्यात भिजवलेल्या पेपरने. घरात लहान मुलं असतील तर जास्तच सांभाळा.

जसंच्यातसं
मुळात रंग द्यायचाच कशाला? इतक्या वर्षांचा चेहरा आहे त्याचा. तेलाने पुसा, मेण लावा, वापरा. चकचकीत रंगवलेला जुना व्हाइस म्हणजे केस काळे केलेले आजोबा.

झटपट_राव
@जसंच्यातसं रंग आणून झालाय. तो विषय संपला.

पावडरवाला
ब्रशने इनॅमल? पावडर कोटिंग करून घ्या, आयुष्यभर बघायला नको.

रंगारी
@पावडरवाला जुन्या बिडावर? बिडाच्या छिद्रांत वर्षानुवर्षं कटिंग ऑइल मुरलेलं असतं. पावडरची भट्टी साधारण १८० ते २०० अंशांवर चालते. त्या उष्णतेत तेल वर येतं आणि फोड फुटतात. आधी रिकामाच भट्टीत भाजून, पुसून, मग केलं तर जमतं. पण मग हँडल, स्प्रिंग, जबड्याच्या प्लेटा सगळं आधी काढावं लागतं.

पावडरवाला
माझा झाला व्यवस्थित. एकही फोड नाही.

रंगारी
तुमचा नवा असेल.

झटपट_राव
निघाला!!! काकांनी सांगितलं तसंच. आधी ढिम्म, मग एकदम करकरत अर्धा इंच, मग तेल, मग आख्खा बाहेर. आत काळं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं आणि त्यात लोखंडाचा चुरा. स्पिंडलला आरपार भोक आहे, त्यात पिनेचा तुकडा अजून अडकलाय, दोन्ही टोकं तुटलेली.
आता रंग. आज प्रायमर, उद्या रंग, परवा जोडून टेबलावर. बरोबर ना?

रंगारी
नाही. आधी रॉकेलने काळं ग्रीस काढा, मग साबणाच्या गरम पाण्याने धुवा, लगेच पुसून वाळवा, नाहीतर डोळ्यांदेखत नारिंगी गंज धरतो. शेवटी थिनरचं स्वच्छ फडकं, ते काळं येणं थांबेपर्यंत. रॉकेल स्वतःच तेलकट आहे, त्यावर प्रायमर लावला तर पापुद्रा निघेल.
सरकती बैठक, तिची खोबण, नटाची जागा, जबड्याच्या प्लेटांमागचा भाग यांवर टेप लावा. तिथे रंगाचा थर चढला तर जबडा परत अडकेल आणि तुम्ही परत धागा काढाल. रेड ऑक्साइड प्रायमरचा एक पातळ हात, वर इनॅमलचे दोन पातळ. एक जाड हात देऊ नका, वरून सुकतो आणि आतून पिठासारखा मऊ राहतो.
इनॅमल दुसऱ्या दिवशी हाताला चिकटत नाही, पण टणक व्हायला काही आठवडे घेतो. परवा बोल्ट आवळलात तर वॉशरखाली रंग चुरगळेल.

झटपट_राव
काही आठवडे?? मग सुट्टीत काय झालं?

जसंच्यातसं
मेण एका संध्याकाळीत होतं. सांगून ठेवतो.

झटपट_राव
बरं, पिनेचं सांगा. घरी जाड खिळा आहे, कापून टाकला तर चालेल? का कडक पोलादाची पिन शोधू, परत तुटायला नको.

गंजभक्त
कडकच टाका. एकदाच काम.

कानसकाका
कडक नको. त्या पिनेला फक्त मोकळा जबडा ओढून आणायचा असतो, आवळण्याचा जोर तिच्यावर कधीच येत नाही. तुमची तुटली कारण जबडा गंजून बसला होता आणि कोणीतरी हॅण्डलला पाइप लावून उघडायला गेलं. त्या वेळी पिन कडक असती तर स्पिंडलचं भोक फाटलं असतं किंवा जबड्याचा आतला काठ उडाला असता. साधी स्प्लिट पिन, भोकात बसेल तेवढ्या जाडीची, मध्ये वॉशर. तुटका तुकडा बारीक पंचने एका बाजूने ठोकून काढा, स्पिंडल लाकडावर टेकवून. खिळा तात्पुरता चालेल, पण टोकं वाकवा, नाहीतर खोबणीला घासेल.
वॉशर टाकल्यावर किंचित खेळ राहू द्या. एकदम चापून बसवलं तर स्पिंडल जड फिरतो आणि पुन्हा कोणीतरी पाइप शोधायला जातं.