मस्क टाकला, पण वासच येत नाही

प्रश्न: ५० मिली परफ्युम स्प्रेमध्ये १ ग्रॅम गॅलॅक्सोलाइड (एक मस्क, म्हणजे कस्तुरीसारख्या वासाचं कृत्रिम रसायन) टाकलंय. मला काहीच कळत नाही, बहिणीला मात्र वास येतो. माल खराब आहे का?

उत्तर १: माल ठीक असणार. मस्कचे रेणू मोठे असतात. पुष्कळांच्या नाकाला एखादा ठरावीक मस्क कळतच नाही. म्हणून एकावर भिस्त ठेवू नका, सोबत इथिलीन ब्रासिलेट आणि किंचित अँब्रेटोलाइड हे दुसरे मस्क घाला. बाटली हुंगू नका. अल्कोहोलमधलं १० टक्के द्रावण कागदी पट्टीवर लावून तासाभराने हुंगा.

उत्तर २: लेबल बघा. निव्वळ गॅलॅक्सोलाइड काकवीहून घट्ट, त्यामुळे बहुधा ५० टक्के पातळ करूनच विकतात. मग तुमच्या १ ग्रॅममध्ये मस्क अर्धाच! थेंब मोजू नका, वजन करा.

उत्तर ३: यावर उपाय म्हणून ‘अस्सल कस्तुरी’ शोधू नका, कृपया. कस्तुरीमृगाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. नैसर्गिकच हवं तर कस्तुरी भेंडीच्या बियांचं तेल घ्या.