क्लच प्लेट बदलल्यापासून गिअरबॉक्स खडखडतोय, परत स्प्रिंगवाली टाकू का?

मंडळी, मदत हवी आहे. ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा, ४५ एचपी. शेती कळमेश्वरकडे, काळी जमीन. काम बहुतेक रोटाव्हेटर आणि ट्रॉलीचं.

पोळ्याच्या आधी क्लच स्लिप होत होता म्हणून नागपुरात प्लेट बदलून घेतली. जुन्या प्लेटच्या हबभोवती जाड स्प्रिंगा होत्या. मिस्त्रीनं बसवली ती बिनस्प्रिंगची, बटणांची (घर्षणाला अखंड कड्याऐवजी सुटे तुकडे असलेली). म्हणाला, "ही जन्मात तुटत नाही." तुटली नाही खरी, पण गिअरबॉक्स डब्यात गोटे भरल्यासारखा वाजतो.

न्यूट्रलला, स्लोवर खडखड. क्लचचं पेडल दाबलं की गप्प. रिकामी ट्रॉली घेऊन १४०० आरपीएमच्या आसपास गिअर लिव्हर हाताला मुंग्या येईपर्यंत थरथरतो, १७०० च्या पुढे शांत. रोटाव्हेटर जमिनीत असला की आवाज जवळपास नाहीच, उचलला की सुरू.

बेअरिंग असतं तर आवाज आरपीएमबरोबर वाढत गेला असता, असं मला वाटतं. फोर-स्ट्रोक तीन सिलिंडर म्हणजे दर फेऱ्याला दीड स्फोट, १४०० ला सेकंदाला ३५ झटके. मधे स्प्रिंगा नसल्यानं ते आता थेट इनपुट शाफ्टवर, म्हणजे क्लचमधून गिअरबॉक्सात जाणाऱ्या दांड्यावर जातात. भार नसला की गिअरचे दात मधल्या फटीत दोन्हीकडे आपटतात, भार आला की एका बाजूला टेकून राहतात. पीटीओ (रोटाव्हेटर फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद असतानाही होतं, म्हणून त्याला जोडलेल्या दांड्याच्या क्रॉस जॉइंटवर संशय नाही.

एकानं जाड ऑइल टाकायला सांगितलं. पण आमच्यात तेच ऑइल हायड्रॉलिकला आणि ब्रेकला, त्यामुळे धजावत नाही. बाबा म्हणतात, "चालते ना, मग चालू दे." स्प्रिंगवाली टाकली तर खरंच फरक पडेल का?

उत्तर:
भाऊ, पडेल. पण नुसती स्प्रिंग बघून प्लेट घेऊ नका, तुमच्याच मॉडेलची घ्या. स्प्रिंग नरम असली की थरथरीचा आरपीएम खाली, कामाच्या पट्ट्याबाहेर जातो. फार नरम असली तर चिखलात क्लच झटक्यात सोडताच पूर्ण दबून टोकाला आपटते. हबमधले घर्षणाचे वॉशरही तितकेच महत्त्वाचे, थरथरीचा झोका तेच जिरवतात. ट्रॅक्टर उघडणारच असाल तर फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं पुढचं टोक धरणारं) आणि शाफ्टच्या स्प्लाइन्स (प्लेट बसते त्या खाचा) बघून घ्या. पायाखाली रबर मॅट टाकून तुमचे पाय वाचतील, गिअर नाही.

धागाकर्ता:
पायलट बेअरिंगचं कोणी बोललंच नव्हतं. मिस्त्री म्हणतो जुनं चालेल. प्लेटसोबत बदलूनच घेऊ का, की हातानं फिरवून कळतं?