मदत हवी आहे: ग्रँड कॅन्यन, एकच दिवस, सोबत आईबाबा आणि बाबांचा गुडघा

पाचपाखाडीकर

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, आम्ही पाच जण अमेरिकेला जातोय: मी, बायको, आईबाबा आणि अकरा वर्षांचे चिरंजीव. लास वेगासला गाडी भाड्याने घेऊन पुढे फिरायचं आहे. त्यात ग्रँड कॅन्यनसाठी एक दिवस निघतोय. बाबांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर अर्धा तास आरामात चालतात, चढ आणि जिने नको म्हणतात. पण खरं सांगायचं तर ही सहल त्यांच्यासाठीच आहे. "ती दरी एकदा बघायची" हे मी लहानपणापासून ऐकतोय.

इथला एक टूरवाला म्हणाला, वेगासहून सकाळी निघा, काचेच्या पुलावर उभे राहा, संध्याकाळी हॉटेलवर परत. साडूंचं म्हणणं, ते नॅशनल पार्कच नव्हे, साउथ रिमला, म्हणजे दरीच्या दक्षिण काठाला जा. नकाशात साउथ रिम ४५० किलोमीटर दिसतंय. सकाळी जाऊन रात्री परत येणं जमेल का? बाबांना तिथे नुसतं गाडीत बसून राहावं लागेल का? परदेशी लोकांसाठी फी बरीच वाढली असंही कानावर आलंय. घरात रोज रात्री जेवताना यावर परिषद भरते आणि ठराव काही पास होत नाही. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

मुलुंडचा_मुक्काम

वाचतोय. आम्हालाही पुढच्या मे महिन्यात जायचंय.

ऐरोलीची_आत्या

साडूंचं ऐका. काचेचा पूल म्हणजे स्कायवॉक, तो ग्रँड कॅन्यन वेस्टला आहे. ती जागा हुआलापाई आदिवासींच्या मालकीची, नॅशनल पार्कच्या बाहेर. तिकीट वेगळं, पार्कचा पास तिथे चालत नाही. वेगासहून जवळ पडतं म्हणून टूरवाले तेच विकतात. जागा वाईट नाही, पण इतक्या वर्षांची इच्छा घेऊन जाणाऱ्या माणसाला तिथून परत आणू नका, हे माझं वैयक्तिक मत.

आता जाऊन-येऊन करण्याबद्दल. नका करू. एका बाजूने साडेचार तास, वाटेत चहापाणी धरून पाच. त्यात ग्रँड कॅन्यन ॲरिझोना राज्यात, आणि नोव्हेंबरमध्ये ॲरिझोनाचं घड्याळ वेगासच्या एक तास पुढे असतं (ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, म्हणून उन्हाळ्यात दोन्हीकडे वेळ सारखी असते). म्हणजे वेगासहून सहाला निघालात तर तिथे बारा वाजलेले. सूर्य सव्वापाच-साडेपाचला मावळतो. त्यानंतर काळोखात परतीचा रस्ता, दोन्ही बाजूंना जंगल, एल्क नावाची घोड्याएवढी हरणं मध्येच आडवी येतात आणि तुम्हाला उजव्या बाजूने चालवायची सवय नाही. तुसायान गाव पार्कच्या दक्षिण गेटच्या अगदी बाहेर आहे, तिथे एक रात्र मुक्काम करा. तिथलं महाग पडलं तर विल्यम्स, साधारण १०० किलोमीटर अलीकडे. आदल्या दिवशी दुपारी वेगासहून निघा. किंगमनपासून पुढे आय-४० हायवे. वेळ असेल तर सेलिगमनला जुन्या, प्रसिद्ध रूट ६६ हायवेवर थांबा, मुलाला मजा येईल.

बाबांसाठी मुद्दाम सांगते. हर्मिट रोडवर मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्या बंद असतात, पार्कची फुकट बस जाते. बसमध्ये व्हीलचेअर चढते. पण ज्यांना चालायला त्रास आहे त्यांच्यासाठी 'सीनिक ड्राइव्ह ॲक्सेसिबिलिटी परमिट' मिळतं. तेही फुकट. गेटवर किंवा व्हिजिटर सेंटरला मागायचं, आपलीच गाडी हर्मिट रोडवर नेता येते. सूर्यास्त तिथल्या होपी पॉइंटवरून बघा. बाबा गाडीतून उतरून कठड्यापर्यंत गेले की झालं.

सकाळचा वेळ डेझर्ट व्ह्यूच्या रस्त्याला द्या. तो साधारण ४० किलोमीटर, पूर्वेकडे जातो आणि स्वतःच्या गाडीने करता येतो. टोकाला मेरी कोल्टर या बाईंनी आखलेला १९३२ सालचा दगडी टेहळणी बुरूज आहे. आत जिने आहेत, बाबांनी खालीच बसावं. खाली वळण घेणारी कोलोराडो नदी तिथून नीट दिसते, ग्रँड कॅन्यन व्हिलेज या पार्कातल्या गावाच्या बाजूने ती फारशी दिसत नाही.

पाचपाखाडीकर

आत्या, तुमचे शतशः आभार! परमिटचं तर कुणीच सांगितलं नव्हतं. फीचं काय?

ऐरोलीची_आत्या

१ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्यांना ११ मोठ्या पार्कांत माणशी १०० डॉलर जादा आहेत, १६ वर्षांखालच्यांना नाहीत. ग्रँड कॅन्यन, झायॉन, ब्राइस तिन्ही त्या यादीत. तुमच्या गाडीचे ३५ आणि चार मोठ्यांचे ४००, झाले ४३५. त्याऐवजी परदेशी लोकांचा वार्षिक पास २५० डॉलरचा, गाडीतले सगळे त्यात येतात आणि पुढे झायॉनला गेलात तरी तोच चालतो. हिशोब उघड आहे. निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.

दगडधोंडे

व्यवसायाने भूगर्भशास्त्राशी संबंध आहे, नेरुळला राहतो, म्हणून राहवलं नाही. आत्यांच्या यादीत एक गोष्ट राहिली आणि तुमच्या बाबांसाठी तीच सगळ्यात चांगली आहे: ट्रेल ऑफ टाइम. यावापाई जिऑलॉजी म्युझियमपासून गावाकडे दरीच्या काठाने जाणारी फरसबंद वाट, जवळजवळ सपाट. या वाटेवर एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं, तशा धातूच्या खुणा जमिनीत बसवल्या आहेत. वाटेच्या कडेला त्या त्या वयाचे दगड मांडलेत, हात लावून बघता येतात.

आपला सह्याद्रीचा काळा पाषाण साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे या वाटेवर जेमतेम ६६ मीटर. कॅन्यनचा सर्वात वरचा थर, ज्यावर तुम्ही उभे असता तो कैबाब चुनखडक, २७ कोटी वर्षांचा. तिथवर २७० मीटर चालायचं. तळाशी नदीलगत दिसणारा काळपट खडक तर जवळपास १७५ कोटी वर्षांचा, पावणेदोन किलोमीटर. बाबांनी २७० पर्यंत जावं आणि परत फिरावं, बाकीची वाट नातवाने पळावी.

आणि त्या तळाच्या खडकाचं नाव विष्णू शिस्ट (शिस्ट हा पापुद्र्यांचा एक रूपांतरित खडक)! त्याच्या जोडीला ब्रह्मा शिस्ट आणि रामा शिस्टही आहेत. दरीत सुटे उभे राहिलेले सुळके आहेत, त्यांना क्लॅरेन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञाने १८८०च्या दशकात पूर्वेकडच्या देवांची नावं द्यायला सुरुवात केली. विष्णू टेंपल, शिवा टेंपल ही त्यातलीच. माथर पॉइंटवरून पूर्वेला विष्णू टेंपलचा टोकदार माथा ओळखता येतो. दरी साधारण १६०० मीटर खोल आहे, पण ते आकडे काठावर उभं राहिल्यावर निरुपयोगी ठरतात. नजरेला मोजमापच सापडत नाही.

घोडबंदर_ट्रॅफिक

सगळे गुडघ्याबद्दल बोलतायत, मुलाबद्दल कुणीच नाही. व्हिजिटर सेंटरला मुलांसाठी ज्युनियर रेंजरची (रेंजर म्हणजे पार्कचे रक्षक) पुस्तिका फुकट मिळते, ती भरून दिली की रेंजर शपथ देऊन बिल्ला देतात. पोरं याच्यासाठी वेडी होतात. तुम्ही दोघं त्याला घेऊन ब्राइट एंजेल वाटेने थोडं खाली उतरा, पण उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला लागतो हे धरून वळा. आणि खारींना चिवडा-शंकरपाळ्या घालू नका. मनाई आहे, दंड होतो आणि त्या बिनदिक्कत चावतात.

पाचपाखाडीकर

मंडळी, काल रात्री ठराव एकमताने पास झाला. तुसायानला मुक्काम. बाबांनी विष्णू शिस्टचं आख्खं वाचून दाखवायला लावलं आणि आता रोज सकाळी तलावपाळीला चालण्याचा सराव सुरू केलाय. आईला दोन शंका: थंडी किती, आणि उंचीचा त्रास होईल का? तिला बीपी आहे.

ऐरोलीची_आत्या

साउथ रिम २१०० मीटरवर आहे, कळसूबाईपेक्षाही उंच. हवा कोरडी, तहान लागली नाही तरी पाणी पीत राहायचं. पहिल्या दिवशी धावपळ नको. बीपीच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा आणि गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा. नोव्हेंबरात रात्री पारा शून्याखाली जातो, कधी बर्फही पडतो. ठाण्याचे स्वेटर पुरणार नाहीत. कानटोपी, हातमोजे, वाऱ्याला अडवणारं जाकीट सगळ्यांना.

तुमच्यासाठी एक काम: आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट. सारथी पोर्टलवर अर्ज, आपल्या आरटीओचं, १००० रुपये, एक वर्ष चालतं. मूळ लायसन्सही सोबत ठेवा. पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती लागतील, दिवाळीच्या गर्दीआधी उरकून घ्या.