मदत हवी आहे: उन्हाळ्यात युरोप, सोबत सासूबाई

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्याचे, घोडबंदर रोडला राहतो. मुलांच्या सुट्टीत तीन-चार आठवडे पॅरिस, स्वित्झर्लंड, उत्तर इटली, व्हिएन्ना, प्राग असं करायचंय. टूरबरोबर नाही, सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर ठेवायची हौस घरात कुणालाच नाही.

जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) मागायचा, एवढं कळलंय. आमच्या फ्रान्स आणि इटलीच्या रात्री सारख्याच भरतायत, म्हणजे पहिला प्रवेश पॅरिसला म्हणून अर्ज फ्रान्सकडे. की इटलीत एक रात्र वाढवावी? मुंबईत अपॉइंटमेंट कुणाची लवकर मिळते?

युरेल पासचं (युरोपभर रेल्वेने फिरायचा एकच पास) गणित जमत नाहीये. फ्रान्स-इटलीच्या वेगवान गाड्यांना पास असूनही सीटचे पैसे वेगळे. मग सुटी तिकिटंच आधी काढलेली बरी का?

आणि खरी काळजी सासूबाईंच्या गुडघ्यांची. पॅरिसच्या मेट्रोत जिनेच जिने, लिफ्ट फार थोड्या स्टेशनांवर. नुसत्या बसवर भागतं का? जेवणासाठी किचनवाल्या खोल्याच बघतोय. इंडक्शनवर चालणारा छोटा कुकर न्यावा, की उगाच ओझं? वरणभाताशिवाय चार दिवस काढणं त्यांना अवघड जातं (खरं तर मलाही). जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा.