रोज एक फोन : एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ सभासदांसाठी

प्रेषक: मंडळाचे चिटणीस
रविवार, 19 एप्रिल 2020

सप्रेम नमस्कार मंडळी,

23 मार्चच्या रात्री इथे ब्रिटनमध्ये कोरोनामुळे टाळेबंदी जाहीर झाली आणि दोन दिवसांवर आलेला आपला पाडवा रद्द करावा लागला. तेव्हापासून आपले कितीतरी ज्येष्ठ सभासद घरातच आहेत. काहींना एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, पत्र आलंय, बारा आठवडे उंबरठा ओलांडायचा नाही म्हणून. बाकीचे सत्तरीच्या पुढचे, म्हणून जपून आहेत. बऱ्याच जणांची मुलं स्कॉटलंडला नाहीतर थेट अमेरिकेत.

झूमवरचं भजन छान चाललंय, पण तिथे तीच ती मंडळी दिसतात. ज्यांच्याकडे नुसता लँडलाइन आहे ते येत नाहीत. साध्या फोनवरूनही झूमला येता येतं, हे खरं. पण भलामोठा आकडा न चुकता दाबायचा म्हणजे थरथरत्या हातांना ते अवघडच.

म्हणून साधा फोन करूया. घरून काम करणाऱ्या प्रत्येकाने एकाच काका-काकूंची जबाबदारी घ्यायची आणि रोज ठरलेल्या वेळी, जेवणाच्या सुट्टीत, फोन करायचा. दहा मिनिटं पुरतात. माणूस मात्र बदलायचा नाही. कालचा धागा ज्याच्या लक्षात आहे, त्यालाच आजचा फरक कळतो. कोण कोण तयार आहे, कळवा.

---

प्रेषक: एक सभासद, हॅरो (लंडन)
रविवार, 19 एप्रिल

मी तयार आहे. खरं तर आमच्या मागच्या गल्लीतल्या एका काकांना टाळेबंदी लागल्यापासून फोन करतोच आहे. ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये एक ते सव्वा ही वेळ अडवून ठेवलीय, नाहीतर त्यावर हमखास मीटिंग येऊन पडते. साहेबांना कारण सांगितलं, त्यांनी लगेच हो म्हटलं.

एक अनुभव सांगतो. "कसे आहात?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "मजेत!" त्यातून काहीच कळत नाही. मी "आज जेवायला काय केलंत?" असं विचारायला लागलो. आधी वरणभात, भाजी असायची. मग नुसता भात-दही. मग "चहा-टोस्ट खाल्ला, भूक नव्हती." खोदून विचारलं तेव्हा कळलं, तूरडाळ संपून आठवडा झाला होता. सरकारी खोका येतो त्यात पास्ता, डबाबंद सूप, ब्रेड, बिस्किटं. त्या सुपाचं काय करायचं ते त्यांना कळेना, आणि कुणाला त्रास द्यायचा नाही म्हणून गप्प बसले. दुसऱ्याच दिवशी ईलिंग रोडवरच्या भारतीय दुकानांतून डाळ, पोहे, मिरच्या, कोथिंबीर आणून दारात ठेवली, बेल वाजवून फाटकाशी उभा राहिलो. काका दारात आले, पिशवीत डोकावून आधी कोथिंबिरीचा वास घेतला.

आणि फोनवर नीट कान द्या. त्यांच्या बोलण्यामागे थोड्या थोड्या वेळाने एक बारीक "टुक" ऐकू येत होतं. स्मोक अलार्मची बॅटरी संपत आलेली. काका खुर्चीवर चढून बदलायच्या बेतात होते! ऐंशीव्या वर्षी! शेजारच्या मुलाने बदलून दिली, तेवढा वेळ काका मागच्या बागेत जाऊन उभे राहिले.

---

प्रेषक: केंटनची काकू
सोमवार, 20 एप्रिल

मुलांनो, तुम्ही आमची काळजी करता याचं फार समाधान वाटतं. पण एक मनातलं बोलते. रोज कुणी तब्येत विचारायला लागलं की आपण आजारीच आहोत असं वाटू लागतं. मला फोन हवा आहे, पण त्याबरोबर काम द्या.

शाळा 20 मार्चपासून बंद. तुम्ही दोघंही लॅपटॉपपुढे आणि पोरं पायात घुटमळणारी. ती माझ्याकडे द्या, फोनवर. मी एका मुलीला आठवडाभर रोज अकरा वाजता वाचायला घेतलंय. ती फोन स्पीकरवर ठेवून मराठी शाळेच्या पुस्तकातलं एक पान वाचते, अडली की मी सांगते. परवा "बंब" शब्दावर थांबली. मग आमच्या मिरजेच्या घरातला तांब्याचा बंब, त्यात घालायच्या गोवऱ्या, दिवाळीच्या पहाटेचा तो धूर, सगळं सांगून झालं. तेवढ्या वेळात तिच्या आईची मीटिंग उरकते. आणि मी अकराच्या आत आंघोळ-पूजा आटपून, नीट साडी नेसून बसते. फोनवर कुणाला दिसत नाही, तरीही.

दुसरं म्हणजे, आमचे नंबर आम्हाला एकमेकांत द्या. प्रत्येक वेळी तरुणांनीच फोन करावा असं थोडंच आहे? आमच्यात कितीतरी जण एका काळात या देशात आले, एकाच भाड्याच्या घरात राहिले, आणि आता वर्षातून एकदा गणपतीत भेटतात.

---

प्रेषक: मंडळाचे चिटणीस
सोमवार, 20 एप्रिल

काकू, तुमच्या पत्राने योजनाच बदलली, आणि चांगलीच बदलली. नंबर देण्याआधी प्रत्येकाला विचारावं लागेल. ते काम मी दोन दिवसांत संपवतो. वाचनासाठी मुलं हवीच आहेत. फोन स्पीकरवर आणि आई-बाबा घरात, एवढं मात्र पाळूया.

फोन करणाऱ्यांनी घंटी भरपूर वाजू द्यावी. वॉकर घेऊन स्वयंपाकघरातून येईपर्यंत वेळ लागतो. उचलला नाही तर अर्ध्या तासाने पुन्हा करा. तेव्हाही नाही, तर ज्या शेजाऱ्याकडे किल्ली असेल त्याला. म्हणून पहिल्याच फोनमध्ये शेजाऱ्याचं नाव-नंबर आणि मुलांचा नंबर लिहून घ्या. सामान आणून देताना त्यांचं बँकेचं कार्ड किंवा पिन कुणीही घ्यायचा नाही, त्यांनी आग्रह केला तरी. सध्या फसवणुकीचे फोनही येताहेत, तेव्हा आपला माणूस कोण, हे त्यांना आवाजावरून ओळखता आलं पाहिजे.

घरून काम करणाऱ्यांनी आपली मोकळी वेळ आणि राहण्याचा भाग मला गुरुवारी संध्याकाळी आठला आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी टाळ्या वाजवतो, त्याच्या आधी कळवावा. शुक्रवारी जोड्या लावून पाठवतो. हॅरो आणि केंटनला माणसं मिळाली आहेत. स्लाव आणि हाउन्सलोकडून अजून कुणाचंच उत्तर नाही. तिकडे कोण आहे?